तिकीट दुप्पट झाले, बस मात्र येत नाही

९ मे २०२५ पासून मुंबईत बेस्टच्या साध्या बसचे किमान तिकीट ५ रुपयांवरून १० रुपये झाले आणि वातानुकूलित बसचे ६ रुपयांवरून १२ रुपये. त्याआधी २५ जानेवारीला एसटीने आपले भाडे १४.९५ टक्क्यांनी वाढवले होते. १ फेब्रुवारीला मुंबईत रिक्षाचे किमान भाडे २३ वरून २६ आणि टॅक्सीचे २८ वरून ३१ रुपये झाले. १ जूनला पुण्यात पीएमपीचे किमान तिकीटही ५ वरून १० रुपयांवर गेले. सहा महिन्यांच्या आत एवढ्या वाढी झाल्या. ज्या घरात स्वतःची गाडी नाही, त्या घराला यातली एखादी तरी लागलीच.

भाडेवाढ झाली की चार दिवस आरडाओरड होते. वाहकाशी वाद होतात, वर्तमानपत्रात फोटो येतात. पाचव्या दिवशी लोक निमूटपणे दहाची नोट पुढे करतात, कारण कामावर तर जायचेच असते. घरातला हिशेब मात्र पाचव्या दिवशी संपत नाही. तो दर महिन्याला नव्याने मांडावा लागतो आणि बहुतेक घरांत तो अम्मीच मांडते. या लेखात तो हिशेब पाहू. त्याच्या जोडीला तिकिटावर न छापलेला आणखी एक हिशेब आहे, थांब्यावर उभे राहण्यात गेलेल्या वेळेचा. तोही पाहू, कारण खरा तोटा त्यातच आहे.

घरखर्चाच्या वहीत

समजा, गोवंडीच्या शिवाजीनगर-बैंगनवाडी भागातले एक घर आहे. वडील पाच ते दहा किलोमीटरवर एका कारखान्यात कामाला जातात. आई पाच किलोमीटरच्या आत असलेल्या सोसायटीत स्वयंपाकाची कामे करते. मोठी मुलगी बारावीनंतर एका दवाखान्याच्या काउंटरवर बसते, तेही पाच किलोमीटरच्या आतच. धाकटा मुलगा महापालिकेच्या शाळेत आहे. महापालिका शाळांतील मुलांना बेस्टचा प्रवास मोफत आहे, म्हणून त्याला हिशेबातून वगळू.

महिन्याचे २६ दिवस, रोज जाणे आणि येणे. जुन्या दराने साध्या बसने वडिलांचे ५२० रुपये होत, आईचे २६० आणि मुलीचे २६०. एकूण १०४०. नव्या दराने वडिलांचे ७८०, आईचे ५२० आणि मुलीचे ५२०. एकूण १८२०. महिन्याला ७८० रुपये वाढले, वर्षाला ९३६०. एवढ्या पैशांत मुलांची वह्या-पुस्तके आणि ईदचे कपडे निघतात.

या आकड्यांकडे जरा बारकाईने पाहा. वडिलांचे तिकीट १० वरून १५ झाले, म्हणजे दीडपट. आई आणि मुलीचे ५ वरून १० झाले, म्हणजे दुप्पट. प्रमाणात पाहिले तर सर्वात जास्त वाढ जवळच्या प्रवासाला लागली आहे. आणि जवळचा प्रवास सर्वात जास्त कोण करते? घराजवळ काम शोधणाऱ्या बायका, क्लासला जाणाऱ्या मुली, बाजारहाट करणारी आई, दवाखान्यात जाणारे म्हातारे आणि घरापासून स्टेशनपर्यंत बस धरणारा नोकरदार.

स्टेशनचेच उदाहरण घ्या. मुंबईच्या लोकलमध्ये दुसऱ्या वर्गाचे किमान तिकीट अजून ५ रुपये आहे. म्हणजे गोवंडी स्टेशनवरून लोकलने कुर्ल्याला जायला जेवढे पैसे पडतात, त्याच्या दुप्पट पैसे घरापासून स्टेशनपर्यंतच्या बसला द्यावे लागतात. मोठा प्रवास स्वस्त आणि त्याच्या दाराशी पोहोचण्याचा छोटा प्रवास महाग, अशी ही उलटी गंगा आहे.

आजारपणाचा हिशेब तर कोणी करतच नाही. घरातल्या कोणाच्या पायाला मधुमेहाची जखम झाली आणि आठवड्यातून दोनदा ड्रेसिंगला जायचे असेल, तर रुग्ण एकटा जात नाही, सोबत एक माणूस लागतो. दोघांची जाण्यायेण्याची चार तिकिटे. पाच ते दहा किलोमीटरवरच्या सरकारी रुग्णालयात जायला पूर्वी एका खेपेचे ४० रुपये होत, आता ६० होतात. महिन्याच्या आठ खेपांचे ३२० चे ४८० झाले. औषध मोफत मिळाले तरी औषधापर्यंत पोहोचणे मोफत नाही.

साधी बस दिसते कुठे?

वर केलेला सगळा हिशेब साध्या बसचा आहे. पण थांब्यावर उभे राहून पाहा. बेस्टच्या ताफ्यात गेल्या काही वर्षांत आलेल्या नव्या गाड्यांत वातानुकूलित इलेक्ट्रिक बस मोठ्या संख्येने आहेत आणि जुन्या साध्या गाड्या एकेक करून भंगारात जात आहेत. त्यामुळे समोर जी बस येते ती पुष्कळदा वातानुकूलित असते. तिचे तिकीट पाच किलोमीटरपर्यंत १२ रुपये, दहापर्यंत २० आणि पंधरापर्यंत ३० रुपये आहे. साध्या बसला याच अंतरांसाठी १०, १५ आणि २० रुपये पडतात.

वातानुकूलित बस वाईट असे कोणी म्हणत नाही. मे महिन्याच्या उकाड्यात गर्भवती बाईला किंवा दम्याच्या रुग्णाला ती मोठाच आराम देते. प्रश्न निवडीचा आहे. साध्या बसचे तिकीट १५ रुपये असे कागदावर लिहिलेले असते, पण अर्धा तास थांबूनही साधी बस आली नाही तर माणूस २० रुपये देऊन समोरच्या बसमध्ये चढतो. त्याच्यासाठी खरे भाडे २० रुपयेच झाले. त्याला साध्या बसचा दर सांगून काय उपयोग?

आणि कोणतीच बस आली नाही तर? मग तीन-चार जण मिळून शेअर रिक्षा करतात. ज्याने महिन्याचा पास काढला आहे त्याचे दुहेरी नुकसान होते. पासचे पैसे आधीच भरलेले असतात आणि रिक्षाचे पुन्हा खिशातून जातात. बेस्टचा अमर्याद प्रवासाचा मासिक पास या भाडेवाढीत ९०० वरून १८०० रुपयांवर गेला. एवढी रक्कम एकदम भरणाऱ्या माणसाने बसवर विश्वास टाकलेला असतो. तो विश्वास एकदा मोडला की तो पुढच्या महिन्यात पास काढत नाही.

स्वस्त तिकिटाचा अनुभव आपल्याला आहे

भाडे वाढवले की उत्पन्न वाढते, असे वरवर पाहता वाटते. मुंबईचा स्वतःचा अनुभव काही वेगळेच सांगतो.

२०१५ साली बेस्टने फेब्रुवारी आणि एप्रिल अशी दोनदा भाडेवाढ केली. किमान तिकीट ६ वरून ७ आणि ७ वरून ८ झाले. एके काळी दररोज चाळीस लाखांच्या पुढे असलेले प्रवासी तोवर कमी होतच आले होते, पुढच्या काही वर्षांत ते आणखी घटले आणि जवळपास निम्म्यावर आले. लोक शेअर रिक्षाकडे, दुचाकीकडे वळले. ज्यांना तेही परवडत नव्हते ते पायी चालू लागले.

मग ९ जुलै २०१९ रोजी उलटा प्रयोग झाला. किमान तिकीट ८ वरून थेट ५ रुपये करण्यात आले. वातानुकूलित बसचे किमान तिकीट तर २० वरून ६ वर आले. टप्पेही सोपे झाले, पाच किलोमीटरला ५ रुपये, दहाला १०, पंधराला १५ आणि त्यापुढे २०. पाहता पाहता थांब्यांवर पुन्हा गर्दी दिसू लागली आणि करोनाची टाळेबंदी लागण्यापूर्वी प्रवासी तीस लाखांच्या आसपास पोहोचले. ज्या बायका दोन थांब्यांचे अंतर डोक्यावर ओझे घेऊन चालत जात, त्या पाच रुपये देऊन बसमध्ये बसू लागल्या. स्वस्त तिकीट मिळाले तर लोक बसकडे परत येतात, हे या शहराने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आहे.

अर्थात त्या निर्णयाला दोन बाजू होत्या. तिकीट स्वस्त करायचे तर महापालिकेने तोटा भरून द्यायचा आणि बेस्टने गाड्यांची संख्या वाढवायची, असे ठरले होते. त्या वेळी कामगार संघटनेशी झालेल्या करारात बेस्टच्या स्वतःच्या मालकीच्या ३३३७ बस कायम ठेवण्याचे मान्य करण्यात आले होते. स्वस्त तिकिटाचा भाग लगेच अमलात आला. गाड्यांचे काय झाले, ते पुढे पाहू.

गाड्या गेल्या कुठे?

मुंबईत पहिली मोटारबस १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट या मार्गावर धावली. तेव्हा ही सेवा खासगी कंपनीकडे होती. ७ ऑगस्ट १९४७ रोजी, स्वातंत्र्याच्या आठवडाभर आधी, मुंबई महापालिकेने ती ताब्यात घेतली. शहराला पाणी पुरवणे जसे पालिकेचे काम, तसे शहराला कामावर नेऊन सोडणे हेही पालिकेचेच काम मानले गेले.

बेस्ट बसही चालवते आणि शहर भागात वीजही पुरवते. वर्षानुवर्षे विजेच्या उत्पन्नातून बसचा तोटा भरून निघत असे. २००३ चा वीज कायदा आणि नियामक आयोगाची व्यवस्था आल्यावर हा मार्ग आकसत गेला आणि शेवटी बंद झाला. बसचा तोटा उघडा पडला. नव्या गाड्या घ्यायला पैसा नव्हता, आणि पंधरा वर्षे झालेल्या जुन्या गाड्या मोडीत काढणे भागच होते.

यावर उपाय म्हणून भाडेतत्त्वावरच्या गाड्या आल्या. बस कंत्राटदाराची, चालक त्याचा, देखभाल त्याची आणि बेस्ट त्याला किलोमीटरप्रमाणे पैसे देणार. सुरुवातीला हा मार्ग सोपा वाटला. पुढे काही कंत्राटदारांनी परवडत नाही म्हणून मधेच काम सोडले आणि त्यांच्या गाड्या एकदम रस्त्यावरून गेल्या. ऑगस्ट २०२३ मध्ये कंत्राटी चालकांनी पगारवाढीसाठी काम थांबवले, तेव्हा कित्येक दिवस मुंबईकरांचे हाल झाले. एके काळी साडेचार हजारांच्या घरात असलेला बेस्टचा ताफा आज तीन हजारांच्या खाली आला आहे आणि त्यातल्या बेस्टच्या स्वतःच्या मालकीच्या गाड्या काही शेकड्यांवर आल्या आहेत. करारातला ३३३७ हा आकडा कागदावरच राहिला.

९ डिसेंबर २०२४ च्या रात्री कुर्ला पश्चिमेला बेस्टची एक भाडेतत्त्वावरील इलेक्ट्रिक बस गर्दीत घुसली आणि अनेक जण मृत्युमुखी पडले. चालकांना या नव्या गाड्या चालवण्याचे पुरेसे प्रशिक्षण मिळते का, हा प्रश्न त्यानंतर सर्वत्र विचारला गेला. ज्या वस्तीत हा अपघात झाला ती आपल्यासारख्याच कष्टकरी कुटुंबांची वस्ती आहे. खराब सेवा म्हणजे केवळ उशीर असे समजणाऱ्यांनी हा अपघात आठवावा. प्रशिक्षण, पगार, देखभाल आणि गाड्यांची संख्या या सगळ्या गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या आहेत.

म्हणूनच राग वाहकावर काढू नये. दिवसभर खचाखच भरलेल्या बसमध्ये उभे राहून तिकिटे फाडणारा तो माणूस भाडे ठरवत नाही आणि गाड्याही कमी करत नाही. सुट्ट्या पैशांवरून त्याच्याशी भांडणाऱ्याचा आणि त्याचा, दोघांचाही त्रास एकाच ठिकाणाहून येतो.

मगरिबच्या आत घरी

आता त्या दुसऱ्या हिशेबाकडे वळू. थांब्यावर एका वेळी सरासरी वीस मिनिटे गेली असे धरा. जाताना वीस, येताना वीस. महिन्याच्या २६ दिवसांत हे १०४० मिनिटे होतात, म्हणजे सतरा तासांहून अधिक. आठ तासांची पाळी धरली तर दोन दिवसांच्या हजेरीपेक्षा जास्त वेळ नुसता उभे राहण्यात जातो. रोजंदारीवरच्या माणसाचा एखादा उशीर म्हणजे अर्ध्या दिवसाची मजुरी कापली जाते. घरकाम करणाऱ्या बाईला उशीर झाला तर पुढचे काम हातातून जाते.

पण पैशांत न मोजता येणारे नुकसान त्याहून मोठे आहे. आपल्या घरांत मुलीच्या बाहेर जाण्याबद्दल आजही एक न लिहिलेला करार असतो. शिक, नोकरी कर, क्लासला जा, पण मगरिबच्या आत घरी ये. कित्येक मुलींनी याच करारावर शिक्षण पूर्ण केले आणि नोकऱ्या धरल्या. कराराची ही अट योग्य की अयोग्य, हा वेगळा विषय. पण तो पाळायचा तर बस वेळेवर यावी लागते. गाडीची वेळ बेभरवशाची झाली की मुलीची परवानगीही बेभरवशाची होते.

हे एका दिवसात होत नाही. आधी दोन दिवस उशीर होतो, अम्मी खिडकीत उभी राहते, फोनवर फोन होतात. मग अब्बा म्हणतात, संध्याकाळचा क्लास राहू दे, सकाळचा बघ. सकाळचा क्लास नसतो. मग कोणीतरी म्हणते, घरी बसूनच शिवणकाम कर, तेही कमाईचेच आहे. मुलगी काही बोलत नाही, कारण भांडण करावे असे काही घडलेलेच नसते. तिला घरातल्या कोणी स्पष्ट नाही म्हटलेले नसते. तिची वाट बसने अडवलेली असते आणि बसवर रुसून चालत नाही.

मुलाच्या बाबतीत असे घडत नाही. तो मित्राच्या दुचाकीवर बसतो, दोन किलोमीटर चालत जातो, रात्री दहाला घरी आला तरी जेवण झाकून ठेवलेले असते. म्हणून बस कमी झाली तर घरातल्या मुलाचा वेळ जातो, मुलीचे मात्र वर्ष जाते. नानीचे डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाणे, खालाचे माहेरी येणे, आईचे स्वतःसाठी बाहेर पडणे, हेही असेच एकेक करून पुढे ढकलले जाते. घरखर्च कमी करायचा म्हटला की आपण आधी ज्या फेऱ्या रद्द करतो त्या कोणाच्या असतात, हे प्रत्येकाने आपल्या घरात पाहावे.

गावाकडची एसटी

हा प्रश्न एकट्या मुंबईचा नाही. या मासिकाचे पुष्कळ वाचक कोकणात, मराठवाड्यात, पश्चिम महाराष्ट्रात राहतात. त्यांची बस म्हणजे एसटी. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर अशी एसटीची पहिली गाडी धावली. तेव्हापासून रेल्वे नसलेल्या गावांना तालुक्याशी, दवाखान्याशी, कॉलेजशी जोडण्याचे काम तिनेच केले.

एसटीचे भाडे सहा किलोमीटरच्या टप्प्यावर ठरते. साध्या गाडीचा एका टप्प्याचा दर जानेवारी २०२५ मध्ये ८ रुपये ७० पैशांवरून १० रुपये ५ पैशांवर गेला. त्याआधीची वाढ ऑक्टोबर २०२१ ची होती. वाढ मोठी असली तरी एसटीत सवलतीही आहेत. १७ मार्च २०२३ पासून स्त्रियांना सर्व गाड्यांत अर्धे तिकीट आहे. ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना प्रवास मोफत आहे. ग्रामीण भागातील मुलींना बारावीपर्यंत शाळा-कॉलेजसाठी मोफत पास मिळतो. या सवलतींमुळे अनेक बायका माहेरी, बाजाराला, रुग्णालयात जाऊ लागल्या, हे मान्य करायला हवे.

तरीही गावात तक्रार तीच आहे, गाडी येत नाही. म्हसळा, श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडच्या गावांत विचारा. कुठे रात्रीची मुक्कामाची गाडी बंद झालेली असते, कुठे कॉलेज सुटायच्या वेळेची फेरी. चालक नाही, गाडी नादुरुस्त आहे, उत्पन्न नाही, अशी कारणे आगारात मिळतात. मुक्कामाची गाडी बंद झाली की सकाळी सहाची पहिली गाडी जाते आणि तिच्याबरोबर तालुक्याच्या कॉलेजचा पहिला तास जातो. अर्धे तिकीट किंवा मोफत पास हा न आलेल्या गाडीत चालत नाही. मग खासगी जीपवाला मागेल ते द्यावे लागते आणि तिथे स्त्रियांना अर्धे तिकीट नसते.

पैसा आणायचा कुठून?

प्रशासनाची बाजूही ऐकून घ्यायला हवी. बेस्टचे तिकीट २०१९ नंतर सहा वर्षे वाढले नव्हते. या काळात इंधन, सुटे भाग, पगार सगळेच वाढले. तिकिटाच्या पैशातून खर्चाचा थोडाच भाग निघतो आणि उरलेल्यासाठी दरवर्षी महापालिकेकडे हात पसरावा लागतो. हे सगळे खरे आहे. थोडीशी वाढ समजून घेण्याइतके लोक समंजसही असतात.

पण शहरातली बस तिकिटाच्या पैशावर चालावी ही अपेक्षाच मुळात चुकीची आहे. जगातल्या बहुतेक मोठ्या शहरांत बससेवेला सरकारी पैसा लागतो, कारण तिचा फायदा बसमध्ये न बसणाऱ्यालाही होतो. एक भरलेली बस रस्त्यावरून तीस-चाळीस गाड्या कमी करते. कारखान्यात कामगार वेळेवर पोहोचतो, बंगल्यात स्वयंपाकीण वेळेवर पोहोचते, रुग्णालयात परिचारिका वेळेवर पोहोचते. तरीही पैसे भरायची वेळ आली की बिल फक्त प्रवाशाच्या हातात दिले जाते.

ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्य सरकारने मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर मोटारींचा टोल माफ केला. कारवाल्याचे एका वेळचे ४५ रुपये वाचले. त्यानंतर सात महिन्यांत बसवाल्याचे तिकीट दुप्पट झाले. टोल माफ करताना पैसा कुठून आणायचा हा प्रश्न आड आला नाही. तो बसच्या वेळीच का आठवतो, एवढे विचारण्याचा हक्क थांब्यावर उभ्या असलेल्या माणसाला आहे.

आणखी एक गोष्ट. बेस्टची भाडेवाढ झाली तेव्हा मुंबई महापालिकेत निवडून आलेला एकही नगरसेवक नव्हता. मार्च २०२२ पासून कारभार प्रशासकाच्या हातात होता. एरवी असा प्रस्ताव नगरसेवकांच्या बेस्ट समितीपुढे येतो, तिथे विरोध होतो, वाद होतात, कधी वाढ थोडी कमी होते. या वेळी आपल्या वतीने बोलायला तिथे कोणी नव्हते.

मागायचे काय आणि कसे?

भाडेवाढ मागे घ्या, ही मागणी सगळेच करतात आणि ती रास्त आहे. पण तेवढ्यावर थांबलो तर उद्या तिकीट पाच रुपयांनी कमी होईल आणि बस तरीही येणार नाही. आपली पहिली मागणी गाडीची असावी. अमुक मार्गावर अमुक वेळेत इतक्या फेऱ्या हव्यात आणि जाहीर केलेली फेरी धावलीच पाहिजे, असे नेमके मागावे. नेमक्या मागणीला टाळाटाळीचे उत्तर देणे अवघड जाते.

त्यासाठी घरबसल्या करता येण्यासारखी काही कामे आहेत.

महिनाभर एक छोटी वही ठेवा. मार्ग क्रमांक, थांबा, किती वाजता उभे राहिलो, किती वाजता बस आली, तिकीट किती पडले, आणि बस न आल्याने रिक्षाला किती गेले. हे काम कॉलेजात जाणारी मुले मोबाइलवर सहज करतील. एका गल्लीतल्या दहा घरांनी महिनाभर अशी नोंद केली तर तो पुरावा होतो. ‘बस कधीच येत नाही’ या तक्रारीला अधिकारी हसून टाळतात. ‘गेल्या महिन्यात संध्याकाळी सहा ते साडेसात या वेळेत इतके दिवस बस आली नाही’ या तक्रारीला उत्तर द्यावे लागते.

दुसरे साधन माहितीच्या अधिकाराचे. २००५ च्या कायद्यानुसार अर्जाचे शुल्क १० रुपये आहे, म्हणजे आजच्या बसच्या एका तिकिटाइतके. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला तेही लागत नाही. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि दीडशे शब्दांच्या आत असावा लागतो. त्यात दोनच गोष्टी विचारा. आमच्या मार्गावर गेल्या तीन महिन्यांत किती फेऱ्या ठरल्या होत्या? त्यांपैकी प्रत्यक्षात किती धावल्या? तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. हे दोन आकडे शेजारी ठेवले की पुढचे बोलणे सोपे होते.

गावात एसटीसाठी आगार व्यवस्थापकांना लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. शाळा-कॉलेजच्या वेळेची फेरी हवी असेल तर मुख्याध्यापकांचे किंवा प्राचार्यांचे पत्र जोडा, त्यात गावातून येणाऱ्या मुलींची संख्या लिहा. ग्रामपंचायतीचा ठराव मिळाला तर आणखी बरे. असा अर्ज घेऊन बायका स्वतः आगारात गेल्या तर त्याचे वजन वाढते, कारण अडचण त्यांची आहे आणि ती त्यांच्याइतकी नीट दुसऱ्या कोणाला सांगता येत नाही.

पास काढण्यापूर्वी थोडा हिशेब करा. तो साध्या आणि वातानुकूलित अशा दोन्ही गाड्यांत चालतो का, हे घेतानाच विचारून घ्या. विद्यार्थी, ज्येष्ठ आणि दिव्यांग यांच्या सवलतींची चौकशी आगारात करा. कागदपत्रांच्या कंटाळ्याने अनेक जण हक्काची सवलत सोडून देतात.

आणि उमेदवार मते मागायला दारात येतील तेव्हा नळ, गटार आणि रस्त्याबरोबर बसचाही प्रश्न विचारा. आपल्या वस्त्यांत हा प्रश्न फारसा विचारला जात नाही. दाराशी साचलेले पाणी रोज डोळ्यांना दिसते, न आलेली बस कोणाला दिसत नाही. तिची वाट पाहून जी मुलगी घरी बसली, तीही दिसत नाही. म्हणून हा प्रश्न विचारताना तिला पुढे उभे करा. तिला किती वाजता निघावे लागते, किती वाजता पोहोचता येते आणि काय सोडून द्यावे लागले, हे तिनेच सांगू द्या.